हाकाच्या पलीकडचे माओरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूझीलंडची रग्बी मॅच असली की हाकाचा, म्हणजे माओरींच्या पारंपरिक आवेशी नाचाचा, फोटो छापून येतो, वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ, आणि तिथल्या या मूळ रहिवाशांबद्दल आपलं वाचन तिथंच थांबतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाना-राविती माइपी-क्लार्क या तरुण खासदाराने पार्लमेंटमध्ये बिल फाडून हाका सुरू केला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, पण ते बिल कसलं होतं हे किती जणांना माहीत आहे? १८४० साली ब्रिटिशांशी झालेल्या वायतांगी कराराचा अर्थच नव्याने ठरवू पाहणारं बिल होतं ते, एप्रिल २०२५ मध्ये ते मोठ्या बहुमताने पडलं.

मला खरं म्हणजे त्यांच्या भाषेबद्दल लिहायचंय. एकेकाळी शाळेत माओरी बोललं की पोरांना छड्या बसायच्या, मग हीच पोरं मोठी झाल्यावर आपल्या लेकरांशी घरात इंग्रजीच बोलायला लागली, कारण त्यांना वाटायचं जे आपण भोगलं ते यांच्या वाट्याला नको. दुसऱ्या महायुद्धानंतर गावं सोडून लोक शहरात गेले आणि मधली अख्खी पिढी भाषेला मुकली. १९७२ मध्ये तीस हजारांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटला दिला गेला, शाळेत माओरी शिकवा म्हणून. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते १९८२ चं कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं. ज्या आजी-आजोबांना अजून भाषा येत होती त्यांनी दोन-तीन वर्षांच्या नातवंडांना दिवसभर जवळ घेऊन माओरीतच खेळवायचं, भरवायचं, गाणी म्हणायची. काही वर्षांतच अशी शेकडो घरटी झाली आणि १९८७ ला माओरी राजभाषा झाली.

आणि भाषा असली तरच बाकीचं राहतं हो. माणूस गेला की मराएवर, म्हणजे त्यांच्या सभास्थानी, साधारण तीन दिवस तांगी, म्हणजे शोकाचा आणि अंत्यविधीचा सोहळा, चालते, देह एकटा सोडत नाहीत, आणि गेलेल्याशी थेट बोलतात, रागावतात, निरोप देतात. ते बोलणार कुठल्या भाषेत? शहरात आपल्या गावचा मराए नाही म्हणून लोक थांबले नाहीत, पश्चिम ऑकलंडमध्ये १९८० ला होआनी वाइतीती मराए उभा राहिला, कुठल्याही जमातीच्या माणसासाठी.

पुढच्या वेळी हाकाचा फोटो छापाल तेव्हा शेजारी त्या घरट्यांवर चार ओळी जरूर द्या, ही मनापासून विनंती.

आपली एक नियमित वाचक