युतीचा भरवसा टक्क्यांत मोजता येत नाही

महोदय,

नाटो या अमेरिका, कॅनडा व युरोपीय देशांच्या लष्करी युतीवरील चर्चा हल्ली खर्चाच्या टक्केवारीपाशीच येऊन थांबते. जून 2025 मध्ये हेग येथे सदस्य देशांनी 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के रक्कम संरक्षण व संबंधित बाबींवर खर्च करण्याचे ठरवले. पैसा लागतोच, पण खरा प्रश्न भरवशाचा आहे.

नाटोच्या 1949 च्या स्थापना कराराचे पाचवे कलम नीट वाचले, तर एकावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जातो. मात्र मदत कोणती करायची, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. म्हणजे सारी भिस्त शब्द पाळण्यावर. हे कलम आजवर एकदाच, 2001 मध्ये, अमेरिकेवरील हल्ल्यानंतर लागू झाले. पुढे अफगाणिस्तानात डेन्मार्कसारख्या छोट्या देशाचेही सैनिक प्राणांस मुकले. त्याच डेन्मार्कच्या राज्यातील ग्रीनलँड ताब्यात घेण्याची भाषा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी करावी, हे मला फार क्लेशदायक वाटते. शत्रूच्या धमकीने युती घट्ट होते, मित्राच्या धमकीने ती आतून पोखरली जाते.

फिनलंडचे उदाहरण मला मोलाचे वाटते. एप्रिल 2023 मध्ये नाटोत येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या देशाने सक्तीची लष्करी सेवा आणि नागरिकांसाठी बंदिस्त निवारे टिकवून ठेवले होते. रशियाला लागून 1,300 किलोमीटरहून लांब सीमा असताना त्याने दुसऱ्याच्या आश्वासनावर विसंबून राहणे नाकारले. इतर युरोपीय देशांनी ही तयारी आताच हाती घ्यावी.

– एक वाचक