बब्बूच्या पाठीवरचे डाग

प्रिय सुमे,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुझ्या सशाचे, बब्बूचे केस बाजूला सारले की कातडीवर निळसर-काळे डाग दिसतात, म्हणून तुझ्या डोळ्याला डोळा नाही, हे वाचून जीव कासावीस झाला.

तिथे बोट फिरवून बघ. कातडी मऊ, कोरडी आहे ना? खपली नाही, तो खाजवत नाही, खातोय-पितोय? मग घाबरू नकोस. सशाचे जुने केस झडून नवे येऊ लागले की केसांच्या मुळाशी रंग तयार होतो आणि तोच कातडीतून दिसतो. केस वर आले की डाग जातील. काळा ससा तर झडायच्या आधी तांबूसही दिसतो.

आमच्या पिठीची गंमत याहून वेगळी. ती हिमालयन जातीची ससीण: अंग पांढरंशुभ्र, कान, नाक, पाय, शेपूट काळी. गेल्या थंडीत कुशीवर गळू झालं, म्हणून डॉक्टरांनी तिथले केस कापले. जखम भरली आणि त्या जागी चक्क काळे केस आले! डॉक्टरांनी सांगितलं, या जातीत रंग बनवणारं टायरोसिनेज हे एन्झाइम अंगाच्या उबेत नीट चालत नाही, गार जागीच चालतं. केस गेले, कातडी गार पडली, म्हणून तिथे रंग धरला. पुढच्या खेपेला केस झडले आणि पुन्हा पांढरे आले. मी अजूनही त्या जागेवरून उगाच हात फिरवते.

मात्र गोल टक्कल पडून कडेला खपल्या दिसल्या, तर तो नायटा असू शकतो. तो माणसांनाही लागतो, छोटीला जरा लांब ठेव. मानेवर दाट कोंडा दिसला तर माइट्सची, म्हणजे कातडीवरच्या बारीक किड्यांची, शंका घ्यायची. दोन्हीसाठी डॉक्टरच गाठ. आणि सुमे, कुत्र्याच्या पिसवांचं औषध बब्बूला मुळीच लावू नकोस! त्यातलं फिप्रोनिल सशांच्या जिवावर बेततं. आंघोळही नको.

आता रोज ब्रश कर. ससे अंग चाटतात, केस पोटात जातात आणि त्यांना उलटी करता येत नाही. सुकं गवत भरपूर ठेव. त्याने खाणं सोडलं किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न बघता निघ.

उजेडात काढलेला डागांचा फोटो पाठव. मी आमच्या डॉक्टरांना दाखवते.

तुझी,
वैशू