चार पडीक तासं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आबांनी जन्मभर शेत सांभाळलं, आम्हाला सांभाळायला त्यांना सवड कुठे होती?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. तसंही आपण फोनवर "बरी आहेस ना?"च्या पुढे जात नाही. म्हणून लिहितेय.

शाळेतला तो बक्षीस समारंभ तुमच्या मनातून गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही स्टेजवरून दाराकडे बघत होतात आणि आबा आले नाहीत, कारण त्या दिवशी वाफसा आला होता, जमीन पेरणीजोगी झाली होती.

वाफसा कसा ओळखायचा ते आबांनी मला शिकवलंय. पावसाने उघडीप दिली की वावरातली मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा तसाच बसला तर अजून चिखल आहे, घरी चला. फुटून भुसभुशीत पसरला तर पेरायची पाभर बैलांना जुंपा. मग उशीर परवडत नाही. उन्हाने वरची ओल उडते आणि कोरड्यात पडलेलं बी उगवत नाही. हे सगळं खरं, पण तेरा वर्षांच्या पोराला ते का पटावं? मलाही पटलं नसतं.

आता आईने सांगितलेलं ऐका. माझ्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही परगावी होतात आणि आबा पेरत होते. चार तासं, पेरणीच्या शेवटच्या चार ओळी, राहिली होती. हाक ऐकल्याबरोबर त्यांनी बैल सोडले. पाभर जागेवर, चाड्यात बी तसंच. रात्रभर ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते, पायाला माती तशीच. पहाटे पावसाने झड धरली. नंतर ती तासं हाताने टोकून घेता आली असती. त्यांनी घेतली नाहीत. बांधाला इंचभर जमीन वाया जाऊ न देणारा माणूस, त्याने हिरव्या रानात चार ओळी मोकळ्या ठेवल्या. मी चालायला लागल्यावर मला तिथे नेऊन म्हणायचे, "ही तुझी तासं."

मला वाटतं, बाबा, ती थोडी तुमचीही होती. तोंडाने चूक कबूल करणं त्यांना कधी जमलं नाही. (तुम्हालाही जमत नाही, आईला विचारा.)

एरवी ते तापट होते, हेही लिहायला हवं. खुरपं जागेवर नसलं की घर डोक्यावर घ्यायचे. पण शेंगवर्गी पिकाचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडायचे आणि आत गुलाबी दिसलं की आम्हा पोरांना हाका मारायचे. गुलाबी म्हणजे गाठ जिवंत आहे, हवेतला नत्र मुळाला मिळतोय. तो रंग दाखवताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की मघाचा आरडाओरडा याच माणसाचा का, असं वाटायचं.

आई, एक विचारायचं राहिलं. जाण्याच्या दोन दिवस आधी आबांनी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात मांडून गुंडाळी कोपऱ्यात उभी केली होती. दरवर्षीसारखंच: सत्तरच्या वर उगवले तर नेहमीचं बियाणं, साठ-सत्तरच्या मध्ये आले तर थोडं जास्त, त्याहून कमी आले तर बियाणंच बदलायचं. त्या सगळ्या गडबडीत तू येता-जाता त्या गुंडाळीवर पाणी शिंपडत होतीस, मी पाहिलंय. पुढे ती उघडली का? किती उगवले होते?

पेरणीला मी येतेय. आकडा तेवढा आधी कळवा.

तुमची,
मोठी