स्पेशल मास्टर्सला हो म्हणण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

स्पेशल मास्टर्स केलं की मेडिकलच्या अर्जातला जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, वर येईल, असं तू फोनवर म्हणालीस. तसं होत नाही गं. तुझे कॉलेजचे १२० क्रेडिट आणि ३.१ जीपीए ॲमकासच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात आहेत तसेच राहतात; मास्टर्सचे गुण वेगळ्या ओळीत लागतात. तो ३.१ हलवायचा तर अंडरग्रॅज्युएटचेच विषय घ्यावे लागतात, आणि तिथेही ३० क्रेडिटना सगळीकडे ए मिळवलास तरी आकडा ३.२८ वर येऊन थांबतो.

मग हे वर्ष कशासाठी? जॉर्जटाउनचा स्पेशल मास्टर्स १९७५ पासून चालू आहे. तिथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय घेऊन त्या मुलांच्या बरोबरीने आपण टिकतो हे दाखवायचं असतं. म्हणूनच त्याला वजन आहे आणि म्हणूनच धोकाही आहे. कॉलेजात बी मिळाला तर "तेव्हा लहान होती" असं म्हणायला जागा असते. इथे बी-बी चं ट्रान्सक्रिप्ट आलं, तर मेडिकलचा अभ्यास हिला झेपत नाही, असाच अर्थ लावला जातो, आणि ते पुसायला पुढची पायरी उरत नाही.

त्यामुळे एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, आधी उरकून टाक. पहिल्या सेमिस्टरबरोबर एमकॅट करायला गेलं की दोन्हींवर पाणी सोडावं लागतं. फक्त एक बघ: अनेक कॉलेजं तीन वर्षांपेक्षा जुना स्कोअर धरत नाहीत.

अर्जाच्या वेळेत सगळ्यात जास्त मुलं चुकतात. ऑगस्टमध्ये कोर्स सुरू होणार आणि अर्ज आधीच्या जूनमध्ये भरला, तर त्यात मास्टर्सचा एकही गुण नसतो. डिसेंबरचे गुण कळवेपर्यंत बऱ्याच मुलाखती वाटून झालेल्या असतात. कोर्स मे मध्ये संपव, मग जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज घाल. मधलं वर्ष रिकामं वाटेल, पण क्लिनिकमध्ये स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याचं काम धर. ते वाया जात नाही.

अभ्यासाची पद्धतही बदलायला हवी. नोट्सवर पिवळे पट्टे मारून ॲनाटमी येत नाही. कोरा कागद घे आणि ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, न बघता काढ: सी-५ ते टी-१ ची पाच रूट्स, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, शेवटी पाच नसा. जिथे हात अडेल तेवढंच पुन्हा वाच, दोन दिवसांनी परत काढ. पहिल्या ब्लॉकची परीक्षा तीन-चार आठवड्यांतच येते. तिथे मागे पडलं की भरून काढणं फार कठीण.

पैशाचंही बोलते. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळत नाही, आणि मास्टर्ससाठी सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. बऱ्याच ठिकाणी नुसती फीच त्याच्या वर जाते. वरचे कुठून आणायचे ते आपण बसून ठरवू, तू एकटीने प्रायव्हेट कर्जावर सही करू नकोस.

डिपॉझिट भरण्याआधी प्रोग्रामला ईमेल कर: मेडिकलच्या मुलांबरोबर नेमके कोणते विषय असतात, ग्रेडिंग त्यांच्याच कर्व्हवर, म्हणजे त्यांच्याशी तुलना करून होतं का, स्वतःच्या मेडिकल कॉलेजात मुलाखतीची हमी असेल तर किती जीपीए आणि किती एमकॅटवर. हमी मुलाखतीची असते, जागेची नव्हे, हे नीट वाच. उत्तर आलं की मला पाठव.

तुझी,
आई