पेस्टिंगचे हात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आपल्या कृषी पानावर पेस्टिंगचा, म्हणजे छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावण्याचा, सल्ला येतो. छाटल्यावर किती तासांत लावायचं, लिटरला किती मिली घ्यायचं, सगळं असतं. लावतं कोण, ते नसतं.

मी निफाड तालुक्यात अकरा हंगाम द्राक्षबागेत मजुरी केली. पेस्टिंगला मुकादम बहुतेक बायाच घेतो. बादलीत हायड्रोजन सायनामाईडचं पाणी, लावलेले डोळे ओळखू यावेत म्हणून त्यात लाल रंग, हातात स्पंजाचा बोळा. काडीचा एकेक डोळा पुसत पुढं सरकायचं. तारा डोक्याच्या वर, त्यामुळे ओघळ मनगटावरून थेट बाहीत. मालक हातमोजे देत नाही असं नाही. देतो, पण गड्यांच्या मापाचे. बोटं पुढं लोंबतात, काडी धरता येत नाही, आत औषध साठतं. काम उक्तं, म्हणून दुपारच्या आत मोजे बांधावर. संध्याकाळी त्याच हातांनी भाकरी थापायची. चार दिवसांत नखांच्या कडेची कातडी सोलते, मग पिठात मीठ टाकतानाही झोंबतं.

एक सूचना मात्र दरवर्षी न चुकता मिळायची : आज कुणी दारू पिऊ नका. या औषधावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. खरंच आहे ते. पण पोटुशी बाईनं बादलीला हात लावू नये, हे अकरा वर्षांत एकदाही कानावर आलं नाही. माझी मुलगी फार्मसीला आहे. तिनं शोधून सांगितलं, युरोपात 2008 पासून या औषधाला मान्यता नाही, आणि प्रजननक्षमतेला व गर्भाला अपाय होण्याचा संशय, अशी त्यांच्याकडे नोंद आहे. तिकडे जाणारी द्राक्षं आमच्याच हातची.

माझं दुसऱ्या खेपेचं तिसऱ्या महिन्यात गेलं, ऐन पेस्टिंगच्या पंधरवड्यात. औषधानं गेलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याजवळ काही पुरावा नाही. दवाखान्यात केसपेपरवर नाव, वय, कितवी खेप, सगळं लिहिलं. काम काय करता, ते विचारलं नाही. सुरगाणा-पेठहून येणाऱ्या बाया तर दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, खाडा पडतो.

2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हा अख्खा जिल्हा हादरला होता. आता निर्यातीच्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची, ते शेतकऱ्याच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. फवारणीनंतर किती तासांनी मजुरानं बागेत शिरावं, ते विचारून बघा कुणाला! सकाळी सहाला फवारणीचा ब्लोअर फिरतो, आठला आम्ही ओल्या पानांखाली विरळणीला. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तेव्हापासून मास्क-चष्म्याची चर्चा तरी होते, पण ती फवारणाऱ्याची. बाया पंप घेत नाहीत, म्हणून त्या त्यात धरलेल्याच नाहीत. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीडनाशकं किती बाधली ते रक्तातल्या कोलिनेस्टेरेज नावाच्या घटकावरून कळतं म्हणे. आमच्या टोळीत तसं रक्त कुणाचंच कधी घेतलं नाही.

पुढचा पेस्टिंगचा सल्ला छापाल तेव्हा मिलीच्या शेजारी दोन ओळी वाढवा : गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे काम देऊ नये, आणि हातमोजे लहान मापाचे आणावेत. मी दुकानात मागितले तर दुकानदार म्हणाला, बायांचे वेगळे येतात होय? येतात. मुलीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत.

— एक द्राक्षबाग मजूर,
ता. निफाड, जि. नाशिक