कधीच न फडकलेला झेंडा

पेडणे, गोवा
२० डिसेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीला शाळेत ‘गोव्याचा ध्वज’ काढायला दिलाय म्हणतोस. तिला आधी सांग, आमच्या राज्याला स्वतःचा अधिकृत ध्वज नाहीच. बोधचिन्ह आहे: वृक्षदीप, आणि त्याबरोबर ‘सर्वे भद्राणि पश्यन्तु मा कश्चिद् दुःखमाप्नुयात्’. एवढं काढलं तरी बाई मार्क देतील.

पण तू विचारलंस आणि मी दोन ओळींत आटपलं, असं कधी झालंय? गोव्याच्या नावाचा एक झेंडा कागदावर आहे. १९५१ मध्ये पोर्तुगालनं आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. पुढं साठच्या दशकात तिथं टूम निघाली, की प्रत्येक प्रांताला वेगळं निशाण द्यावं. झेंडा पोर्तुगालचाच, हिरवा-तांबडा. फक्त खालच्या कोपऱ्यात त्या प्रांताची लहानशी ढाल. गोवा, दमण, दीव मिळून जो ‘प्रांत’, त्याचंही चित्र तयार झालं. इकडं गोवा १९ डिसेंबर १९६१ लाच मोकळा झालेला! पण लिस्बनला ते कबूलच नव्हतं. कबूल करायला १९७४ साल उजाडलं. झेंड्याची टूमही बारगळली, कुठल्याच प्रांतात तो चढला नाही.

ढाल मात्र खरी, १९३५ ची. पोर्तुगालच्या पाच निळ्या ढाली आणि खाली हिरव्या-पांढऱ्या लाटा, हे सगळ्या वसाहतींना सारखंच. आमच्या वाट्याला खास आलं ते संत कॅथरीनचं चाक. अलेक्झांड्रियाच्या या बाईला काटेरी चाकावर मारायचं ठरलं, तर तिचा हात लागताच चाकच मोडलं. मग तिचा शिरच्छेद केला, अशी कथा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतलं तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, नेमका तिच्या सणाचा. म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावाचं, आणि ढालीवर तिचं चाक.

मला खटकतं ते इथंच. त्या दिवशी हाती लागलं ते जुन्या गोव्याभोवतीचं तिसवाडीचं बेट. बार्देस, साश्टी १५४३ मध्ये. फोंडा, डिचोली, सत्तरी तर थेट अठराव्या शतकात. आणि आमचं पेडणं सावंतवाडीकरांकडून गेलं १७८८ ला. पावणेतीनशे वर्षांनी! त्या चाकात आम्ही कुठं बसतो? जिंकणाऱ्यानं आपल्या पंचांगातली एक तारीख उचलली आणि साऱ्या मुलखावर ठोकली. चाक गेलं नि अशोकचक्र आलं, ही कोटी कुणीही करील. मला ती नको वाटते, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

त्यापेक्षा पोर्तुगिजांच्या आधीचे आमचे कदंब राजे बघ. शिलालेखांत त्यांचं लांच्छन, म्हणजे राजचिन्ह, सिंह, आणि ध्वजावर चक्क वानर! सिंह आजही आमच्या सरकारी ‘कदंबा’ बसवर रोज दिसतो. वानराची मात्र कुणी आठवण ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरीला रंगवायला याहून मजेचं काय मिळणार?

आणि पेडण्याचा म्हणून झेंडा विचारशील, तर मी तेरेखोलचं नाव घेईन. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता, पोर्तुगिजांची सत्ता असताना. पकडले गेले, पण लावला.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. मे महिन्यात आलात तर मानकुराद आंबे आहेतच.

तुझा,
रमाकांत