रॉकवर व्हायोलिनचा वर्ख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या रॉक गाण्यांची 'सिम्फनिक' (सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतची) आणि 'अनप्लग्ड' (इलेक्ट्रिक गिटारऐवजी साध्या वाद्यांवरची) रूपे सध्या पुन्हा जोरात आहेत. (ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्याला गणेशोत्सवातला फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो, इथे ८०-९० वादकांचा सिम्फनी ताफा अभिप्रेत आहे.) त्यांतली बरीचशी फसतात. दोष वादकांचा नसतो, संगीत संयोजनाचा, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचे या आखणीचा असतो.

१९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल या रॉक बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत आपल्याच कीबोर्डवादकाची, जॉन लॉर्डची रचना वाजवली, तेव्हा बँड आणि ताफा बराच वेळ आळीपाळीने वाजत होते. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत मेटालिका हा हेवी मेटल बँड आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी हा ताफा एकत्र आले ते संगीतकार मायकेल केमनच्या संयोजनात, दोघेही एकाच वेळी पूर्ण ताकदीने. पुढे तीच फॅशन झाली आणि स्वरांची गर्दी वाढली.

डिस्टॉर्शन लावलेली (आवाज मुद्दाम खरखरीत केलेली) गिटार पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज-पंचम वाजवते, पण त्यातून उठणारे उपस्वर मधला सगळा पट्टा व्यापतात. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झची, चेलोची ६५ची. म्हणजे दोघे एकाच खोलीतले भाडेकरू. चेलोंना गिटारचाच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरावटीचा तुकडा) दिला की आठ चेलो असूनही फक्त गिटार ऐकू येते. तिथे गिटारला गप्प बसवावे, नाहीतर व्हायोलिनना सप्तकभर वर न्यावे. अनेक बँड गिटार अर्धा स्वर उतरवून लावतात. मग गाण्याची पट्टी ई मायनरची ई फ्लॅट मायनर होते, सहा फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेले सूर) येतात आणि व्हायोलिनची एकही मोकळी (बोटाने न दाबलेली) तार त्या स्वरांत बसत नाही. तंतुवाद्यांचा झणत्कार तिथेच जातो. ज्या 'ए' स्वरावर वाद्ये जुळवतात, तो ताफ्याचा ४४२ हर्ट्झवर आणि कीबोर्डचा ४४० वर राहिला, तर त्या 'ए'वर सेकंदाला दोन हेलकावे येतात. त्यात ड्रमचा आवाज १० मीटर मागच्या वादकाकडे सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून कानात क्लिक (इअरफोनमधला तालाचा ठोका) हवाच. ड्रमभोवती पारदर्शक आडोसा नसला, तर व्हायोलिनच्या माइकमधूनही झांजाच ऐकू येतात.

अनप्लग्डची गोष्ट उलटी. साध्या गिटारचा स्वर लवकर विरतो, त्यामुळे इलेक्ट्रिकवरचा लांब ताणलेला रिफ पोकळ वाटतो. १९९२ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने आपले जुने रॉक गाणे 'लैला' संथ शफलमध्ये (झुलत्या ठेक्यात) नेले, ते याचे नेटके उत्तर होते. निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनने १९९३ मध्ये साधी गिटारच पेडलमधून (आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या उपकरणातून) अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. नावाला तेवढे अनप्लग्ड! मोकळ्या तारांचा आधार मिळेल असे ट्यूनिंग, उदाहरणार्थ डी-ए-डी-जी-ए-डी, हा तिसरा मार्ग. गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात, तिच्याखालच्या पिएझो पिकअपचा (कंपने टिपून विजेत बदलणाऱ्या पट्टीचा) किरकिरा आवाज मात्र लपत नाही. समोर एक माइक लावून दोन्ही मिसळावे लागतात.

आपल्या पुरवणीत अशा कार्यक्रमांची परीक्षणे येतात. त्यांत गायक, प्रकाशयोजना, गर्दी सगळे असते. संयोजन कोणाचे, एवढी एक ओळ यापुढे जरूर द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे